माझं पथ्य तिच्या ताटात

"कार्डिॲक कॅकेक्शिया," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, दंडाची कातडी चिमटीत धरून मला दाखवली. हृदय फार कमजोर झालं की शरीर स्वतःचंच मांस आणि चरबी झिजवायला लागतं, त्याचं हे नाव. मग त्यांनी विचारलं, "काका, गेल्या सहा महिन्यांत यांनी जेवण कमी केलंय का?"

तिने कमी केलं नव्हतं, मी केलं होतं.

ज्यांच्या घरात हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातही माझ्यासारख्या अतिशहाण्या नवऱ्यांसाठी.

हा आजार आधी मला झाला, चार वर्षांपूर्वी. मी शिवाजी पेठेतला, तालमीत वाढलेला. कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. पोट सुटलं, ब्लडप्रेशर चढलं आणि एक दिवस जिना चढताना धापेने खालीच बसलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. मीठ कमी, भाकरी अर्धी, तूप-तेल बंद, वजन उतरवा. मी चौदा किलो उतरवलं आणि धाप गेली. तो कागद फ्रीजवर चिकटवला. घरी येईल त्याला दाखवायचो, जणू गदाच जिंकून आणलीय.

गेल्या वर्षी सुनंदा थकायला लागली. छातीत कळ नाही, घाम नाही. धुणं वाळत घातलं की अर्धा तास बसून राहायची. मी म्हणायचो, वय झालं, दुसरं काय. शेवटी उचगावला दिलेल्या आमच्या लेकीने तिला दवाखान्यात नेलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. इजेक्शन फ्रॅक्शन पंचवीस टक्के निघालं. प्रत्येक ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतं, त्याचा हा आकडा. तो पन्नासच्या वर असायला हवा. आजार बराच पुढे गेलाय, असं डॉक्टर म्हणाले.

गोळ्या लिहून त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. बाहेर बाकावर वीसेक माणसं बसलेली. मी सुनंदाला म्हटलं, "चल घरला. कागद हाय की आपल्याकडं."

माझी चूक ती हीच, आणि ती तालमीतल्या माणसाचीच चूक. वस्तादांनी सांगितलेला खुराक सगळ्या पोरांना लागू. वजनी गटात बसायचं तर जेवण तोडायचं. काटा खाली आला की गडी तयार. पण आमच्या तालमीत बाईमाणूस कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं, आणि घरातल्या बाईचं शरीर वेगळं असेल हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. मी नव्वद किलोचा होतो आणि ती बावन्नची, एवढं तरी दिसायला हवं होतं.

अर्धी भाकरी. तूप बंद, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद. मी ताटावर लक्ष ठेवून बसायचो.

डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करायला सांगितलं होतं, अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून. काटा बावन्नवरच. मी खूश. पण तिचं मांस जात होतं आणि त्या जागी पाणी भरत होतं, म्हणून बेरीज तीच राहत होती. पाय सुजले होते, हात काड्या झाले होते. कासाराकडून ती लहान मापाच्या बांगड्या भरून आली, तेव्हा मी कौतुकाने म्हणालो होतो, "झालीस की बारीक!" हे आठवलं की आजही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सहा महिन्यांनी तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथे आठ दिवस इंजेक्शनं देऊन पाणी काढलं. मग काट्यावर उभं केलं तर त्रेचाळीस. बायकोचं नऊ किलो मांस माझ्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर बसवून समजावलं. "हृदयाला इंधन लागतं, साखर आणि चरबी. ते जाळायची बाईची आणि पुरुषाची रीत अगदी सारखी नसते. बाईची पाळी गेल्यावर त्यात पुन्हा बदल होतो. आजार इतका वाढला की कुणाचं काय झिजतं, यातही फरक पडतो. आम्हालाही यातलं सगळं कळलेलं नाही. पण तुमचा कागद तुमच्या वजनासाठी होता. यांच्यात उतरवायला काही नव्हतंच. झीज नुसत्या जेवणाने झाली नाही, आजारानेही होते."

शेवटचं वाक्य माझी दया येऊन म्हटलं असावं. मला त्याने काही हलकं वाटलं नाही.

संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बसून म्हणालो, "माझं चुकलं. उपाशी मारलं तुला."

ती म्हणाली, "पयल्यांदा लई भूक लागायची. मग मेलीच."

"मग बोलली का न्हाईस?"

"अवो, तुमी त्याच कागदानं बरं झालासा. मी हुईना. मला वाटायचं, माझंच कायतरी चुकतंय."

मी उठलो. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

आता मॅडमनी तिचा वेगळा कागद दिलाय. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. डाळ, अंडं, दही, चमचाभर तूप. मीठ मात्र बेतानेच. पाणी न साठता दोन किलो वाढलेत. इजेक्शन फ्रॅक्शन अजून तिशीच्या आतच आहे आणि पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. त्या मॅडमचे, वॉर्डातल्या सिस्टरांचे आणि लेकीचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरात दोघांना एकच आजार असला, तरी रांग कितीही मोठी असो, थांबा. दोघांचे दोन कागद घ्या.

परवा दुपारी मी पेपर वाचत होतो. आतून सुनंदाने हाक मारली, "अवो, मला भूक लागलीया." तेहेतीस वर्षांच्या संसारात असं तिने मला पहिल्यांदा सांगितलं. मला भाकरी थापता येत नाही. वरणभात वाढला, आणि ती जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो.