चारूला खुर्ची नको होती

ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर भारतातला. सकाळी भारतातून फोन आला की बातमी बरी नसते, हे अमेरिकेत राहणाऱ्या कुणालाही विचारा. पलीकडचा आवाज अदबशीर होता. "मी चारुशीलाराजेंचा धाकटा भाऊ बोलतोय. आमच्या ताईसाहेब काल गेल्या. कुणाकुणाला कळवायचं, त्या त्यांच्या यादीत तुमचं नाव पहिलं होतं." मी काय बोलले, मला आठवत नाही. गाडी तशीच वळवून घरी आले आणि स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसले. फ्रिजच्या वर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्याच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.

पेपरांतून तिच्याबद्दल पुष्कळ छापून आलं. संस्थानिकाची लेक, इंजिनियर, अंतराळवीर. खरंच होतं सगळं. घाटमाथ्यावरचं तिचं संस्थान नकाशावर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. पण माझ्यासाठी ती चारू. ग्रॅड स्कूलमधली माझी रूममेट. मी नागपूरहून दोन बॅगा आणि आईनं कोंबलेलं तिखट घेऊन अपार्टमेंटच्या दारात उभी, आणि आत ही बाई फ्रिजला पाठ लावून, मांडीवर पातेलं घेऊन चक्क पातेल्यातूनच खिचडी खातेय! "ये, बैस," म्हणाली. मी खुर्ची शोधायला लागले, तर म्हणाली, "खुर्ची काल देऊन टाकली. खाली बैस ना गं." ही राजघराण्यातली आहे हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही तिच्या वडिलांचं मोहोर उमटवलेलं पत्र आलं म्हणून.

खुर्चीची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. गावच्या शाळेत सगळी मुलं जमिनीवर बस्कर टाकून बसत. हिच्यासाठी मात्र रोज वाड्यावरून एक गडी खुर्ची घेऊन यायचा, संध्याकाळी परत न्यायचा. सरकारनं तनखे बंद केले, हत्ती केव्हाच गेला होता, पण खुर्ची काही बंद होईना. "शुभे, मधल्या सुट्टीत पोरी घोळका करून गप्पा मारायच्या आणि मी वर. खाली उतरले तर गडी घरी सांगायचा. सात वर्षं मला एक मैत्रीण मिळाली नाही गं." हे सांगताना ती हसत होती. मीही हसले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, अक्कल यायची होती. ती नंतर तरी आली का, हा प्रश्नच आहे.

मग मी लग्न करून इथं कॅरी गावात आले, औषधांच्या कंपनीत लागले. ती अंतराळवीर व्हायच्या मागे लागली. त्यासाठी इथलं नागरिकत्व घ्यावं लागलं, तेव्हा वडिलांनी तिच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं. आमच्या घराण्यात दुसऱ्याच्या झेंड्यापुढं कुणी हात वर केला नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनदा निवडीत डावलली गेली, तिसऱ्यांदा घेतली. उड्डाणाच्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर, माझ्या हातात दह्यासाखरेची वाटी. द्यायची कुणाच्या हातावर? शेवटी मीच खाल्ली. परत आल्यावर महिनाभरानं ती आमच्याकडे आली ती सरळ फ्रिजपाशी. खाली बसली आणि म्हणाली, "वर खुर्चीच नाही गं! म्हणजे असते, पण घडी करून ठेवलेली. जेवताना एक जण छताला, एक भिंतीला, माझे पाय कुणाच्या कानाशी. मानाचं पान कुठलं तेच कळत नाही!" तिला इतकी खूश मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्यानंतर ती गावोगावच्या शाळांत बोलायला लागली. भारतात एका पक्षानं तिकीट देऊ केलं, तिनं हात जोडले. गावानं मिरवणूक ठरवली, तर ही आदल्या दिवशीच एसटीनं जाऊन आपल्या जुन्या शाळेत बस्करावर बसून आली.

हे सगळं मला ठाऊक होतं. इतर कुणाला नसेल, मला होतं. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

२००५च्या दिवाळीत इथल्या आमच्या मराठी मंडळानं तिला बोलवायचं ठरवलं. ओळख माझी, तेव्हा फोन मीच केला. ती लगेच हो म्हणाली. "एकच अट. राजे-बिजे काही नको. सतरंजी घाल, मुलांना बसव, मी त्यांच्यात बसते. आधी त्यांच्याकडून कार्डांवर प्रश्न लिहून घे, म्हणजे लाजरी मुलंही विचारतील. प्रॉमिस?" मी म्हटलं, "प्रॉमिस, यार." मुलांकडून बेचाळीस कार्डं गोळा केली, बिस्किटांच्या डब्यात भरली. तिथपर्यंत मी शहाण्यासारखीच वागले.

मग मंडळाची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अप्पाकाका म्हणतात, टेबलावर थाप मारून म्हणाले, "अहो शुभाताई, अंतराळवीर इथं पुष्कळ आहेत. राजकन्या अंतराळवीर कुणाकडे आहे? दणक्यात करू!" पार्सिपनीच्या एका लग्नाच्या डेकोरेटरकडून लाल मखमलीचं सिंहासन मागवलं गेलं. बागेतल्या छत्रीला जरीचा काठ लावून अब्दागिरी झाली. तुतारी सीडीवर. मी एकदा पुटपुटले, "तिला आवडणार नाही हो." काका म्हणाले, "संकोच असतो थोरांना." आणि मी गप्प बसले. सगळा दोष काकांवर टाकून मोकळी होऊ शकते, पण खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. नऊवारी नेसून माईकपुढे उभं राहायचं आणि तीनशे लोकांना दिसू द्यायचं, की ही राजकन्या माझी मैत्रीण आहे. एवढीच ती हौस.

ती जीन्स आणि साध्या कुर्त्यात आली. स्टेजवरचं सिंहासन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं... एकदाच. रागानं नाही. शाळेतल्या त्या लहान मुलीला गडी पुन्हा खुर्ची घेऊन येताना दिसावा, तसं. मी माईकवर तिची लांबलचक बिरुदं वाचत होते, ती पायऱ्या चढून त्या मखमलीवर बसली. मुलांनी रांगेनं मुजरे केले. मग भाषणं झाली, एकापाठोपाठ पाच. हॉल सहापर्यंतच होता. पावणेसहाला आभारप्रदर्शन सुरू झालं. पहिल्या रांगेत बसलेला माझा नऊ वर्षांचा निखिल मला खुणावून विचारत होता, "आई, इज शी नॉट कमिंग डाउन?" मी त्याला डोळे वटारून गप्प केलं.

निघताना ती फक्त एवढंच म्हणाली, "कार्डं पाठव हं. मी एकेकाला उत्तर लिहीन." घरी चल म्हटलं, तर विमान आहे म्हणाली. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, ते मला माहीत होतं.

दोन आठवड्यांनी टपालानं एक मोठं तपकिरी पाकीट आलं. आत आणखी एक पाकीट घडी घालून ठेवलेलं, तिकिटं लावलेलं, वर तिचाच पत्ता तिच्या तिरप्या अक्षरात. सोबत चिठ्ठी: "तू आळशी, म्हणून पत्ता मीच लिहिलाय. राग नाही. कार्डं टाक."

टाकायची होती, हो! पण नुसती कार्डं कशी पाठवायची? सोबत माफीचं चांगलं पत्र हवं. मी लिहायला बसले. पहिलं फार रडकं झालं, दुसऱ्यात मी काकांनाच बोल लावला, तिसरं अर्धं राहिलं. या वीकेंडला नक्की, म्हणत ख्रिसमस गेला. मग इतका उशीर झाला, की उशिराचीही माफी मागायची वेळ आली. तिचा एकदा फोन आला, मी मीटिंगमध्ये होते. रात्री करते म्हटलं आणि केला नाही. लाज वाटायची. तिनं "राग नाही" लिहिलं होतं, तेच मला सोसत नव्हतं. अडीच वर्षं गेली. ती आजारी आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. तिनं तरी का सांगावं? साधं एक पाकीट जिच्या हातून सुटत नाही, तिला?

गेल्या रविवारी शेवटी डबा खाली काढला. निखिल आता उंच झालाय, त्यानंच स्टूल न घेता हात पुरवून काढून दिला आणि म्हणाला, "व्हॉट्स इन धिस?" आम्ही दोघं फ्रिजपाशी फरशीवर बसलो. माझे गुडघे कुरकुरले. एकेक कार्ड तो वाचत गेला. झोपताना उशी लागते का? रडू आलं तर पाणी कुठं जातं? घर दिसतं का? मग त्याला स्वतःचं कार्ड सापडलं, नऊ वर्षांच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं. वर अंतराळात सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर कोण बसतं?

मी म्हटलं, "कुणीच नाही रे. तिथं जेवताना सगळे कसेही असतात, कुणी छताला, कुणी भिंतीला. मानाचं पान कुठलं तेच कळत नाही, असं म्हणाली होती मावशी."

त्यानं कार्ड खाली ठेवलं. "सो यू न्यू," तो म्हणाला. "मग स्टेजवर तिला खुर्ची का दिली?"

तो कार्डं पुन्हा नीट रचून गेला. मी ते पाकीट हातात घेऊन तिथंच बसले. तिकिटं जुन्या दराची आहेत, आता तेवढ्यावर जाणारही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टपालाची पेटी आहे, चालत तीन मिनिटं... मी रोज तिच्यासमोरून ड्राइव्ह करते. पाकिटावरचा पत्ता अजून स्वच्छ वाचता येतो. फक्त आता तिथं कुणी राहत नाही.