घणानं धरलेली साखळी

फाउंड्रीत त्याला सगळे घण म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण हजेरी घेणाराही आधी 'घण' म्हणून ओरडायचा आणि मग कागदावर त्याचं नाव शोधत बसायचा. हे नाव त्याला कामामुळे मिळालं नव्हतं, कारण घण त्यानं आयुष्यात कधी चालवला नाही. ते मिळालं मुठीमुळे. विशीत त्यानं एका ट्रकवाल्याचा जबडा मोडला होता. तिशीत घरमालकाशी भांडताना दार फोडलं, आणि दाराबरोबर आपलंच करंगळीचं हाड. बोट वाकडं राहिलं. "दाराला विचार, ते कसं आहे," असं तो वर म्हणायचा.

मार देणं तो बापाकडून शिकला. बापही याच फाउंड्रीत, घण पुढे ज्या कप्पीवर लागला त्याच कप्पीवर. घरी आला की पट्टा काढायचा. पोर कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून "सोडा, बाबा, सोडा" म्हणायचं आणि बाप मोजून दहा फटके पूर्ण करायचा. बाप गेला तेव्हा घण अठरा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ दहा. आई आधीच गेली होती. घणानं भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतः लग्नाच्या फंदात पडला नाही. जगाला झोडपणाऱ्या त्या हातानं भावाला मात्र एक चापटसुद्धा मारली नाही. भावजय घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला बजावलं, "भाऊजी, बाहेर काय मारामाऱ्या करायच्या त्या करा. रक्ताचे शर्ट मी धुणार नाही." तेव्हापासून तो मोरीत बसून आपले शर्ट आपणच धुवायचा.

कप्पीचं काम म्हणजे वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून उचलून साच्यांवर नेऊन उतरवणं. कप्पीचा खटका कधीचाच झिजला होता. बाकीच्या कप्प्यांवर हात काढला तरी माल जागच्या जागी लटकून राहतो. या कप्पीवर हात सुटला की साखळी सुसाट, आणि माल खाली. त्यामुळे ती घणाशिवाय कुणी चालवत नसे. सगळं काम दोन शब्दांवर चालायचं. 'धर' म्हटलं की ओढायचं. 'सोड' म्हटलं की एकेक कडी हातातून जाऊ द्यायची, इतकी सावकाश की बादलीतल्या लोखंडाच्या सायीवर सुरकुती पडू नये. 'सोड' ऐकून नुसता हात मोकळा करणारा एक नवखा येऊन गेला होता. त्या दिवशी दोघांचे पाय भाजले. तो परत दिसला नाही.

घण ख्रिस्ती होता, म्हणजे रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि उपदेश सुरू झाला की डुलक्या काढायचा. प्रार्थना मात्र जागेपणी म्हणायचा. त्या प्रार्थनेतही एक 'सोड' आहे. आम्ही दुसऱ्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, म्हणजे माफ कर, असा त्याचा अर्थ. भावानं लहानपणी भर चर्चमध्ये विचारलं होतं, "दादा, देव पण कप्पीवर आहे का?" आणि दोघं हसू दाबता दाबता लालबुंद झाले होते.

चर्चच्या मागच्या गल्लीत गाठीवाले राहायचे. त्यांचा देव वेगळा, निराकार. रोज सकाळी मनगटावरच्या दोऱ्याला एक गाठ मारायची आणि ती मारताना पूर्ण शांतता पाळायची, एवढीच त्यांची पूजा. नेमकी त्याच वेळी चर्चची घंटा वाजायची. पंचवीस वर्षं दोन्ही बाजूंनी हे चालवून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, घंटा पाव तास उशिरा वाजवा. चर्चचा घंटावाला म्हणाला, "गाठ पाव तास उशिरा मारा. दोरा काय पळून जातोय?" तिकडून उत्तर आलं, "क्रुसाच्या या खिळेवाल्यांना अक्कल शिकवावी लागेल." पाव तासावरून दगड आले, दगडांवरून रॉकेलचे बोळे. एका सकाळी चर्चच्या दाराला आग लागली. घणाचा भाऊ बादली घेऊन विझवायला धावला. कोपऱ्यावर चौघा गाठीवाल्यांनी त्याला गाठलं. हातात लोखंडी गज होते. डोक्याचा आकार असा काही झाला की शवपेटीत ठेवताना भावजयीला तोंड पाहू दिलं नाही.

तिनं आकांत केला नाही. दफन करून आल्यावर तिनं घणासमोर पाण्याचा तांब्या आदळला आणि विचारलं, "तुमच्या मुठी काय, नुसती दारं फोडायलाच आहेत?" त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

फाउंड्रीत गाठीवाल्यांपैकी तिघं होते. दोघं पळाले. तिसरा साचेवाला, वाळूचे साचे करणारा, पन्नाशीचा, काडीसारखा माणूस. तोही येईनासा झाला होता. नवव्या दिवशी भर दुपारी तो आला. त्याला आपल्या करण्या हव्या होत्या, वाळू चोपायच्या त्या छोट्या करण्या, सासऱ्यानं दिलेल्या. फडक्यात गुंडाळून तो दाराकडे वळला तेव्हा दारात घंटावाला उभा होता आणि त्याच्यामागे चर्चची वीसेक माणसं.

घंटावाल्यानं पहिला गज गुडघ्यावर घातला. साचेवाला बसला तसा त्यांनी त्याला वाळूतून फरफटत कप्पीखाली आणलं. कुणीतरी त्याचे घोटे बांधले आणि दोर आकड्यात अडकवला.

"घण्या," घंटावाला म्हणाला, "भाऊ तुझा. मान तुझा. ओढ."

घणाचं रक्त नऊ दिवस उकळत होतं. त्यानं साखळी हातात घेतली आणि ओढली. इथे लपवाछपवी नको: कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही, दरडावलं नाही. मन लावून ओढली. साचेवाला उलटा वर गेला, माणसाच्या दुप्पट उंचीवर. करण्या खाली पडून खणखणल्या. त्याच्या डोक्याच्या बरोबर खाली साच्यांच्या लोखंडी चौकटी होत्या, धारदार कडांच्या. तिथून डोक्यावर पडला की काम तमाम.

"कुठे होतास तू?" घण ओरडला. "माझ्या भावाला मारला तेव्हा कुठे होतास?"

"कोपऱ्यावर." उलटं लटकलेलं तोंड काळं-निळं झालं होतं. नाकातलं रक्त कपाळावर चाललं होतं. "मी हात नाही लावला, घणा. शप्पथ."

"सोडवलंस का?"

साचेवाल्यानं नजर चुकवली.

"अरे, सोडवलंस का त्याला?"

"नाही. घाबरलो."

"ऐकलं?" घंटावाला लोकांकडे वळला. "भित्रं कुत्रं! सोड त्याला, घण्या! सोड!"

"सोड! सोड!" वीस गळे ओरडायला लागले. भट्टी भरलेली होती, तिच्या घरघरीवरही तो आवाज चढला. आणि वरून, फेसाळलेल्या तोंडातून, साचेवालाही तेच म्हणत होता, "सोड रे घणा, सोड, पाया पडतो, सोड."

घणाला हसू आल्यासारखं झालं. मारायला निघालेले आणि मरायला टांगलेला, दोघांची मागणी एकच. हात ढिला केला की सगळे खूश.

"तो काय म्हणत होता?" त्यानं वर पाहून विचारलं. गलक्यात ते साचेवाल्याला कसं ऐकू गेलं देव जाणे. "माझा भाऊ. शेवटी."

साचेवाल्यानं डोळे मिटले. "हेच," तो म्हणाला. "सोडा म्हणत होता. मारणारे मोजत होते."

मोजत होते. घणाच्या पाठीवर जुने पट्टे एकदम गरम झाले. कोपऱ्यातलं पोर, कोपऱ्यावरचा भाऊ, आकड्याला लटकलेलं हे चिपाड आणि दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून तोच शब्द मागणारा तो स्वतः, सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज यायला लागला. त्याचा राग गेला, असं नाही. राग साखळीइतकाच जड होता आणि हातातच होता. पण आता त्याला कळेना, की स्वतःसाठी देवाकडे जे मागतो ते हातात असताना दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं. तो गाठीवाला असला म्हणून काय, वर लटकलेलं वजन माणसाचंच होतं.

त्यानं साखळीचा एक वेढा आपल्या डाव्या मनगटाला घातला. मग दुसरा.

"सोड म्हणतोय ना!" घंटावाला गरजला.

"सोडतोय," घण म्हणाला, आणि एक कडी खाली जाऊ दिली.

एकच कडी. मग थांबून दुसरी. साचेवाला वीतभर खाली आला. लोकांना आधी वाटलं, हा त्याला खेळवतोय; कुणी शिट्टीही मारली. चार-पाच कड्या गेल्यावर कळलं, की हा उतरवतोय, वितळलेल्या लोखंडाची बादली उतरवतात तसा.

"अरे, टाक त्याला!"

"कप्पीवर कोण आहे? मी का तू?"

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा खांद्यावर. घण वळला नाही. वळता येत नव्हतं. मूठ उगारायला हात मोकळा हवा, आणि हात मोकळा झाला की चौकटीवर डोकं फुटणार. ज्याच्या अंगाला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती, त्याला आता शेंबडं पोरही मारू शकत होतं, आणि सगळे मारत होते. "हा पण गाठीवाला झाला!" घंटावाला त्याच्या मनगटावरचे वेढे पाहून ओरडला आणि त्यानं त्याच हातावर गज घातला. काटकी मोडावी तसा आवाज आला. घणाच्या तोंडून गुरासारखा हंबरडा फुटला. बोटं उघडली. पण वेढे पक्के होते. साखळी कातडीत रुतून मांसात शिरली आणि तिथे अडली.

उजव्या हातानं त्यानं आणखी एक कडी सोडली.

डोळ्यांत रक्त उतरलं होतं म्हणून तो आता अंदाजानं मोजत होता. कान फाटला. तोंडातून दात गेले, किती ते त्यानं पाहिलं नाही. उजव्या कोपरावर गज पडला तेव्हा त्यानं साखळी दातांत धरली, छातीशी दाबली आणि गुडघे टेकून स्वतःच्या वजनानं तिला आवरत एकेक कडी जाऊ दिली. साचेवाल्याचा हात चौकटीला लागला. त्यानं अंग फिरवलं, आणि त्याचं डोकं चौकटीच्या बाजूला वाळूवर टेकलं. टवका न उडता साचा बसावा तसं.

मग घण त्याच्यावर आडवा झाला. पाठीवर लाथा पडत राहिल्या. भट्टीमागे लपलेल्या दोघा कामगारांना तोवर कंठ फुटला होता; "बाजूला व्हा, जळाल!" असं ओरडून त्यांनी भट्टीचं तोंड उघडलं. पांढरं लोखंड उतारावरून, पडलेल्या दोघांच्या बाजूनं, सापासारखं सळसळत आलं, ठिणग्या छताला लागल्या, आणि वीस माणसं एका दारातून एकमेकांना तुडवत बाहेर पडली. घंटावाल्याची एक चप्पल तिथेच जळाली.

साचेवाल्यानं घोट्यांचा दोर सोडला. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. तो घणाकडे पाहत बसला.

"मी तुझ्या देवाला मानत नाही," तो म्हणाला.

"मान म्हटलं का मी?" घणाच्या तोंडात रक्ताची गुळणी होती. "मागच्या दारानं पळ, माकडा."

"मी त्याला खरंच सोडवायला हवं होतं."

"हवंच होतं. पळ."

साचेवाला करण्या गोळा करून लंगडत गेला. तो गाव सोडून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

घणाचे दोन्ही हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये गेले. डॉक्टर म्हणाले, डाव्याची बोटं मिटणार नाहीत. घरी भावजय त्याला भरवायची. पातळ भाताचा चमचा ती असा कोंबायची की उरलेले दातही हलावेत.

"मेला असता तर बरं झालं असतं," ती पहिल्यांदा बोलली ती हे.

"कोण? तो की मी?"

"दोघंही. आ करा."

त्यानं आ केला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हीच वर ओढलंत ना त्याला?"

"मीच."

"मग?"

"मारणारे मोजत होते म्हणाला तो," घण म्हणाला. "मला त्या मोजणीतला पुढचा आकडा व्हायचं नव्हतं."

चमचा बराच वेळ हवेत राहिला. भात थंड झाला. तिनं तो परत ताटलीत टाकला आणि गरम करायला आत गेली.

रविवारी तिनं त्याला शर्ट घातला. प्लास्टरसाठी बाह्या कापल्या आणि गळ्याचं बटण इतकं आवळलं की तो खोकला. चर्चचं दार अजून अर्धं जळकं होतं. त्यात घंटावाला उभा होता, हात पसरून.

"वहिनी, तुम्ही या," तो म्हणाला. "याला आत नाही. यानं आपल्या रक्ताशी बेइमानी केली."

"रक्त कुणाचं सांडलं?" तिनं विचारलं.

"आपलं सगळ्यांचं."

"तुझ्या अंगावर तर ओरखडा दिसत नाही," ती म्हणाली. "नवरा माझा मेला. त्याच्या नावानं कुणाला मारायचं आणि कुणाला नाही, ते तू नाही ठरवायचं. सरक."

तो सरकला नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धक्का मारला. त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. आतली माणसं वळून पाहायला लागली. कुणी उठलं नाही. घंटावाल्यानं तिच्यावर हात उगारला तसा घण मध्ये आला, प्लास्टरचे हात पुढे धरून, मारायला निरुपयोगी, आणि गाल पुढे करून उभा राहिला. घंटावाल्याचा हात वरच थांबला.

"चला, भाऊजी," भावजय घंटावाल्याच्या बाजूनं आत शिरून म्हणाली. "तिरके या. दार अरुंद आहे."