सहाव्या चौकटीतला भात

आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावरच्या सूचना वाचणारा प्राणी मी एकटाच. त्यामुळे २००८ च्या सप्टेंबरात तिथे लागलेला कागद माझ्याच वाट्याला आला. घोटीजवळच्या भातखाचरांतून किती मिथेन वायू हवेत जातो हे मोजण्यासाठी शनिवार-रविवारी स्वयंसेवक हवेत, पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही. शेवटच्या वाक्यावर मी विरघळलो. एकवीस वर्षं संस्कृत शिकवल्यानंतर, माझं अज्ञान हीच पात्रता ठरेल असं निमंत्रण पहिल्यांदाच येत होतं.

घरी विचारणा झाली की काम नेमकं काय. मी म्हटलं, घड्याळाकडे बघायचं आणि पंधरा मिनिटं झाली की सांगायचं.

"समोर ठेवलेलं दूध उतू जाताना तुम्हाला दिसत नाही," सौ. म्हणाली. वर पितृपंधरवडा चालू आहे, नवं काही सुरू करू नये, हेही ऐकवलं. मोजणं हे नवं काम नव्हे, असलेल्याचीच चौकशी आहे, असा निर्णय मी शास्त्राच्या वतीने देऊन टाकला. तिने निर्णय मानला नाही, पण दशम्या बांधून दिल्या.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: सीबीएस बसस्टँडवरून घोटीकडे जाणाऱ्या एसट्या सारख्या असतात. तिकीट तिशीच्या आत. वेळ म्हणाल तर तासभर, पण सध्या हायवे रुंद करण्यासाठी जागोजागी उकरून ठेवलाय, त्यामुळे दीड तास धरा आणि मागच्या सीटवर बसू नका. मी बसलो. विल्होळी ते वाडीवऱ्हे या अंतरात माझ्या मणक्यांची संधी आणि विग्रह दोन्ही झालं. घोटीत उतरलं की राईस मिलच्या कोंड्याचा कोरडा, गोडसर वास येतो. तिथून पुढे सात-आठ किलोमीटर काळी-पिवळी जीप. ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या ड्रायव्हरकडे असते. मी चौदावा होतो. माझी पिशवी बघून त्याने विचारलं, "गुरुजी, त्या पेटीवाल्या म्याडमकडं का?" म्हणजे प्रकल्पाची कीर्ती माझ्याआधी पोचली होती.

पेटीवाली म्याडम म्हणजे केतकी. पुण्याहून आलेली संशोधक विद्यार्थिनी, वय सत्तावीस-अठ्ठावीस, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पुरुषी टोपी. मला पहिला अर्धा तास ती 'सर' म्हणाली आणि नंतर 'काका'. मी सुखावलो, कारण सर या पदावर चुका करता येत नाहीत. दर आठवड्याला ती दोन दिवस येते आणि सगुणाबाई-किसनभाऊ या जोडप्याच्या घरी पडवीत मुक्काम करते. खाचरंही त्यांचीच. यंदाचा तिचा हा दुसरा हंगाम. पहिला पुराच्या पाण्यात गेला होता, आणि तिसरा मिळणार नव्हता.

त्या संध्याकाळी तिने मला खाचरं दाखवली आणि विषय समजावला. भातात पाणी साचून राहिलं की खालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले सूक्ष्म जीव मग मिथेन तयार करतात, आणि भाताची पोकळ काडी नळीसारखी तो वर आणून सोडते. हा वायू पृथ्वीभोवती उष्णता धरून ठेवतो. मधे काही दिवस पाणी काढून खाचर सुकू दिलं तर वायू कमी होईल का, आणि झाला तर भातही कमी होईल का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी दोन खाचरं शेजारीशेजारी. एकात पाणी कायम, तीन चौकटी. दुसऱ्यातलं पाणी अधूनमधून काढायचं, तिथेही तीन. चौकट म्हणजे चिखलात रोवलेला, हातभर लांब-रुंद, पत्र्याचा बिनबुडाचा चौकोन. त्यात भाताचे चार-सहा चूड, म्हणजे रोपांचे झुबके, आणि मोजायच्या वेळी त्यावर पारदर्शक पेटी पालथी घालायची.

इतपत मला समजलं. पुढचं ती बांधावर बसून, माझ्याकडे न बघता बोलली. पाच चौकटी शहाण्यासारख्या वागत होत्या. सहावी, सुकवायच्या खाचरातली, रस्त्याच्या कडेची, गेले तीन आठवडे पाणी भरलेल्या चौकटींपेक्षाही जास्त वायू सोडत होती. तिच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं पडलं की पेटी नीट बसत नसेल किंवा कुप्या भरताना हलगर्जी होत असेल. आणि एका चौकटीत हलगर्जी झाली असेल तर बाकीच्या पाचांवर तरी विश्वास का ठेवायचा? बुधवारपर्यंत कारण सापडलं नाही तर या गावची सगळी आकडेवारी बाजूला काढायची.

"बुधवारपर्यंत," ती पुन्हा म्हणाली.

मी माझ्या परीने धीर दिला. आमच्या न्यायशास्त्रात हे जुनं दुखणं आहे. विस्तव असेल तिथे धूर असणारच, असं म्हणता येत नाही. लाकूड ओलं असेल तरच धूर होतो. न दिसणारं ओलं लाकूड कुठेतरी असणार, ते शोधायचं. केतकीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, कुठे शोधू?" यावर आमच्या शास्त्राचं भाष्य उपलब्ध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काम सुरू झालं. जाणाऱ्यांसाठी सूचना: बूट घरी ठेवा, पँट गुडघ्यावर जाईल अशी घ्या, आणि खेकड्यांशी वाद घालू नका. खाचरात पाय टाकायचा नाही, कारण पाय पडला की चिखलातले बुडबुडे वर येतात आणि आकडा फुगतो. त्यासाठी बांधापासून चौकटीपर्यंत लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. केतकी त्यांवरून मांजरासारखी चालते. मी कसा चालतो हे बघायला किसनभाऊ काम सोडून बांधावर येऊन बसले.

"गुरुजी, पडायचं झालं तर अलीकडच्या अंगाला पडा," ते म्हणाले. "पलीकडं लोंबी लय चांगली हाय."

पेटी बसली की केतकी सिरिंजने आतली थोडी हवा ओढून काचेच्या कुपीत भरते, पंधरा मिनिटांनी पुन्हा, आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा. मी वेळ सांगायची आणि पाण्याची खोली वहीत लिहायची. ऐकायला सोपं आहे. पण पंधरा मिनिटं नुसतं घड्याळ बघणं म्हणजे काय हे कळलं, तेव्हा ध्यानधारणेविषयी मी वर्गात जे काही बोलतो ते सगळं मनातल्या मनात मागे घेतलं. एकदा बगळा बघत बसलो आणि चाळीस सेकंद उशिरा ओरडलो. केतकीने वहीत 'पंधरा मि. चाळीस से.' असं लिहिलं. माझ्या आळसाची इतकी प्रामाणिक नोंद आजवर कुणी केली नव्हती.

सहावी चौकट शेवटी घेतली. केतकीने पेटीची कड तीनदा तपासली, सिरिंज बदलली, श्वास रोखून कुपी भरली. मला त्या चौकटीतला भात शेजारच्यापेक्षा काळसर हिरवा वाटला. पण संस्कृतवाल्याने हिरवेपणावर मत देऊ नये म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक. तुम्ही गेलात तर वाटेल ते विचारा, पूर्वज्ञान नसलेल्याला त्यासाठीच बोलावतात.

दुपारी पडवीत जेवायला बसलो. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची आमटी आणि घरचा भात. जेवणाचे पैसे विचारू नका, मी विचारले आणि सगुणाबाईंनी मला एक भाकरी जास्त वाढून दंड केला. बाई पन्नाशीच्या, कामाला वाघ आणि बोलायला त्याहून. केतकी मात्र भात चिवडत होती. सगुणाबाईंनी मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी सांगितलं की एका चौकटीचा हिशेब लागत नाही, आणि त्यापायी पोरीचं वर्ष जाईल.

हिशेब म्हणजे काय, हे त्यांना केतकीने आवणीच्या वेळी, रोपं लावताना, दोनदा समजावलं होतं. त्यांनी तेव्हाही मान हलवली होती आणि आत्ताही हलवली. मग मी माझ्या पद्धतीने प्रयत्न केला. म्हटलं, समजा तुमच्याकडे सहा पाहुणे एका पंगतीला बसलेत. तिघांना भाकरी वाढली, तिघांना भात. केतकीला एवढंच बघायचंय की कुणाला लवकर भूक लागते. बाकी वाढणं सगळ्यांना सारखं. आणि कुणीतरी, तिचं लक्ष नसताना, सहाव्याच्याच ताटात तुपाची वाटी पालथी केली.

"पंगतीत आसं कोण करतं?" सगुणाबाई ताडकन म्हणाल्या.

"कुणीच नाही. म्हणून तर तिला कळेना की हा सहावा एवढा कसा तरतरीत."

त्यांच्या हातातला भाताचा डाव पातेल्यावर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नाही, केतकीकडे बघून म्हणाल्या, "तूप मीच वाढलं, बाई."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. पाणी काढल्यावर रस्त्याकडेच्या चौकटीतला भात पिवळा पडला. येणारेजाणारे विचारायला लागले, सगुणे, पुण्याची पाहुणी तुझ्या भरवशावर चूड ठेवून जाते आणि तू तिला उपाशी ठेवतेस होय? बाकीच्या चौकटी आतल्या अंगाला, त्या कुणाला दिसत नव्हत्या. हीच तेवढी दिसत होती. म्हणून घोटीच्या बाजाराला जायच्या आधी, सलग तीन बाजार, त्यांनी शेण पाण्यात कालवून त्या एका चौकटीत सोडलं. ओल्या चिखलात ते मुरून गेलं. खालच्या जीवांना एवढं जेवण मिळाल्यावर त्यांनी आपलं काम केलं. हाच तो वायू.

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही?" केतकी म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? तूच म्हणली, मावशी, येरवी करता तसंच करा. येरवी रोडका भात दिसला का आमी शेण देतोच."

केतकी खरंच तसं म्हणाली होती. किसनभाऊंनी मधेच तोंड घातलं की तीस वर्षांत मला कधी हिने न सांगता तूप वाढलं नाही. त्यांना एका नजरेत गप्प बसवण्यात आलं.

केतकी उठली, हात धुतले, वही आणली. किती? दर वेळी दोन ओंजळी. कधी? तिन्ही शनिवारी सकाळी, भाकऱ्या झाल्यावर. ताजं की जुनं? ताजं, काळ्या म्हशीचं. सगुणाबाईंना सगळं चोख आठवत होतं, माझ्या बगळ्यापेक्षा कितीतरी नेमकं. लिहितालिहिता केतकीच्या चेहऱ्यावरचा तीन आठवड्यांचा ताण उतरताना दिसत होता. कारण सापडलं होतं. पेटी नीट होती, हात नीट होते. पाच चौकटी वाचल्या.

पण सगुणाबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "मंग त्या सहाव्याचं काय करनार?"

केतकी म्हणाली, मावशी, तो आता मोजता येणार नाही. काढावा लागेल.

"म्हंजे माझ्यापायी त्यो पंगतीतून उठला," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे निघून गेल्या. उरलेला भात कुणी मागितला नाही.

परतीच्या जीपमध्ये मी अकरावा होतो, त्यामुळे विचार करायला जागा होती. एकाच पंगतीत कुणाला कमी, कुणाला जास्त वाढणं, याला आमच्याकडे पंक्तिप्रपंच असा भारदस्त शब्द आहे. आमच्या शास्त्रीमंडळींनी पंगतीत कुणाला कुठे बसवलं आणि कुणाला मुळीच बसवलं नाही, ती यादी अभिमानाने सांगण्यासारखी नाही. म्हणून हा शब्द मी वर्गात जपून वापरतो. पण सगळ्यांना सारखं वाढा, आणि जास्तीचं वाढलंत तर तेही लिहून ठेवा, एवढंच जर विज्ञान मागत असेल, तर सगुणाबाईंना ते पटायला एक क्षण लागला. मला ते समजावता आलं याचा आनंद होता. त्यांना ते लागलं याचा नव्हता.

घरी सौ.ने विचारलं, हवामान सुधारलं का? मी म्हटलं, एक दिवस मी घड्याळ बघितलं, त्यात चाळीस सेकंद कमी पडले. पृथ्वीच्या एवढ्या मोठ्या तापाला एवढ्याने काय होतं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मला उत्तर माहीत नाही. मी नंतर आणखी तीनदा गेलो, एवढं सांगतो.

दिवाळीनंतर केतकीचा फोन आला. सरांनी पाच चौकटी मान्य केल्या. सुकवलेल्या खाचरात वायू कमी निघाला, आणि भात फारसा घटला नाही. सहावीची नोंद शेवटच्या पानावर गेली, कारणासकट, सगुणाबाईंच्या नावासकट. पाच चौकटींतल्या लोंब्या कापून, पाकिटांत भरून प्रयोगशाळेत गेल्या. सहावीतला भात शास्त्राला नको होता. तो सगुणाबाईंनी वेगळा कापला, वेगळा झोडपला, उखळात हाताने सडला. एका माणसाला पुरेल इतकाच निघाला, तोही बेताचा. केतकी निरोप घ्यायला गेली त्या दिवशी त्यांनी तो शिजवला आणि तिला पाटावर बसवून तिच्या एकटीच्या ताटात वाढला.

"आणि काका, वर तूप," केतकी म्हणाली. "किती घातलं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, आज लिहायचं नाय."