डबा रिकामा ठेवू नये

माझ्या आईच्या हातचं अक्षर आज आमच्या घरात कुठेही नाही. एका वहीत होतं. ती वही मी अंघोळीच्या बंबात घातली, तीही मोठ्या शहाणपणाच्या तोऱ्यात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात नोकरीला होतो आणि शनिवार-रविवारी शिनोलीला घरी यायचो. कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं मला त्याचं जुनं जीपीएसचं यंत्र दिलं आणि जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ सोपा. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्यांनी यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून चालू पडायचं. आतली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर त्याच तोलाची दुसरी ठेवायची. मला हा नाद असा लागला की घरी आलो तरी निम्मं लक्ष आभाळातल्या उपग्रहांकडे. आई ताट वाढून बसलेली आणि मी अंगणात यंत्र वर धरून उभा.

आपल्या गावातही एक डबा असावा असं मला वाटायला लागलं. भीमाशंकरला जाणारे लोक आमच्याच रस्त्यानं जातात, त्यातले चार थांबतील. जागामालकाची परवानगी लागते, पण जागा आमचीच होती. घराच्या वरच्या अंगाला आमचा माळ आहे, तिथे करवंदीच्या जाळीमागे दोन खडकांत एक कपार आहे. जवळ देवस्थान नको, खणाखणी नको, पावसाचं पाणी आत यायला नको, सगळं मी नीट तपासलं. डबा मात्र आईच्या मांडणीवरून न विचारता उचलला. घट्ट झाकणाचा, प्लास्टिकचा, ती त्यात शेवया ठेवायची. आत एक शंभर पानी वही, पेन्सिल, दोन कीचेन आणि एक शिट्टी ठेवली. पेन नाही ठेवलं, कारण ओल लागली की शाई पसरते. इतका मी काळजीवाहू.

मला यंत्र घेऊन फिरताना बघून शेजाऱ्यानं वडिलांना विचारलं, "मोजणी हाय का राव? पुन्यांदा जमिनी जायाच्यात का काय?" धरणा-कालव्यात जमिनी गेलेल्या मुलखात लोक असंच विचारणार. वडील म्हणाले, "न्हाई, पोराचा खेळ हाय." पोर तेव्हा तिशीचं होतं.

आई रोज गवताला माळावर जायची. तिला डबा दाखवून ठेवणं भाग होतं, नाहीतर तिनंच तो उचलून घरी आणला असता. तिनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "माझा शेवयांचा डबा व्हय ह्यो? कवाधरनं हुडकत व्हते." मी तिला खेळ समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "एवढ्या लांबनं पावणं येत्यात, आन डब्यात खायाला कायच न्हाई?"

आमच्याकडे शेजारणीचा डबा परत देताना कधी रिकामा देत नाहीत. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, काहीतरी घालायचंच. महिनाभरानं मी पाहायला गेलो तर कपारीपासून मुंग्यांची रांग लागलेली. आईनं आत राजगिऱ्याचे लाडू कागदात बांधून ठेवले होते. माझं डोकंच फिरलं. खायची वस्तू डब्यात ठेवायची नाही हे या खेळात बजावून सांगतात. मुंग्या येतात, वानरं वास काढत येतात आणि झाकणाचे तुकडे करतात. मी घरी येऊन ओरडलो, "तुला सांगून कळत नाही का? पुन्हा त्या डब्याला हात लावायचा नाही!" आईला बोललो हे. तिच्याच डब्यावरून. ती म्हणाली, "बरं बाबा, न्हाई लावत."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आमच्या गावात साक्षरतेचे वर्ग निघाले होते, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात. आई पाटी घेऊन जायची. भातलावणीच्या दिवसांत वर्ग बंद पडला तो पडलाच, तेव्हा ती जेमतेम अक्षरं गिरवत होती. पुढे एकदा बँकेत मीच तिला म्हणालो, "सही कर की, शिकली होतीस ना?" तिनं पेन धरलं. मागे रांग उभी होती, कुणीतरी घसा खाकरला आणि तिचं पेन पहिल्याच अक्षरावर अडलं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "राहू दे, अंगठा दे, वेळ जातोय." त्यानंतर तिनं सगळीकडे अंगठाच दिला.

डबा ठेवून वर्ष होत आलं असेल. ऑफिसात वेबसाइट उघडली तर आमच्या डब्याखाली एका अनोळखी माणसाची नोंद होती. लिहिलेली इंग्रजीत, पण माणूस मराठी असावा. डबा सापडला, जागा छान आहे, असं लिहून पुढे म्हटलं होतं की वहीत कुणीतरी लिहायला शिकतंय. सुरुवातीला नुसत्या रेघोट्या आहेत, पण शेवटच्या पानावर नाव जमलंय. शेवटी लिहिलं होतं, शाब्बास, आणि पुढे एका बाईचं नाव.

त्या नावाची आमच्या आळीत कुणी नव्हती. शाळेतली एखादी पोरगी असणार, असं मी धरून चाललो. डब्याची निगा राखणं हे ठेवणाऱ्याचं काम, आणि या गृहस्थानं चारचौघांत माझ्या हलगर्जीपणावर बोट ठेवलं, असं समजून मला मिरच्या झोंबल्या. शनिवारी घरी पोचलो तो पिशवी टाकून तडक माळावर. वही खरंच पानोपान भरली होती. मोडके काने, सुटलेल्या वेलांट्या, काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलेला. पाहुण्यांना सही करायला जागाच उरली नव्हती. शेवटचं पान मी वाचलंही नाही.

वही घेऊन खाली आलो. आई अंगणात भांडी घासत होती. मी वही तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "ही घाण कुणाच्या पोरीनं केलीय, माहितेय का तुला?" तिनं वहीकडे बघितलं, मग आपल्या राखेनं भरलेल्या हातांकडे. "न्हाई बाबा," ती म्हणाली आणि पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ते आधीच लखलखीत झालं होतं.

सकाळी मी वही बंबात घातली आणि माळावर नवी वही ठेवून आलो. आल्यावर त्याच बंबातल्या पाण्यानं अंघोळ केली. पाणी आईनंच विसणून दिलं होतं.

दोन वर्षांनी आई गेली. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. दहाव्यानंतर वडील आणि मी ओसरीवर तिचे कागद बघत बसलो होतो. बँकेचे, रेशनचे, जमिनीचे, जिथे तिथे निळा अंगठा. मी म्हणालो, "तिच्या हातचं एक अक्षर असायला हवं होतं."

वडील म्हणाले, "व्हतं की. तुझ्या डब्यातल्या वहीत. गवताला गेली की तितं बसून लिव्हायची. मी म्हनलं, अगं, पोरगं वरडंल. तर म्हनली, तितं मागं कुनी हुबं न्हाई ऱ्हात."

वडिलांना त्या वहीचं काय झालं ते ठाऊक नव्हतं, ते आपल्या नादात बोलत राहिले. "आन आपल्या घरचं नाव न्हाई लिव्हायची. माहेरचं लिव्हायची. लग्नात बदललं आमी ते." मी विचारलं, काय होतं तिचं माहेरचं नाव? मामा तिला आक्का म्हणायचा आणि गाव माझ्या नावानं, अमक्याची आई म्हणून. हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. वडिलांनी नाव सांगितलं आणि मी ते कुठे वाचलंय हे मला तिथेच आठवलं.

त्याच संध्याकाळी मी डबा माळावरून काढून आणला, घासला आणि मांडणीवर ठेवला. वडील म्हणाले, "रिकामा नगं ठिवू, तिला चालायचं न्हाई." मी त्यात शेवया भरल्या.

पुण्याला गेल्यावर वेबसाइट उघडली. नोंद तशीच होती. त्या नावानं तिला हाक मारणारा शेवटचा माणूस तो, आणि त्याला ती कोण हेही माहीत नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं, म्हणजे ती शाबासकी तिच्यापर्यंत पोचवणारा मी एकटाच होतो. ती वाचूनच मी त्या शनिवारी घरी गेलो होतो, आणि तिच्यापुढे वही धरून विचारलं होतं, ही घाण कुणाची.