खलास म्हणजे काय

कतारमध्ये, अल वक्रात आमच्या समोरच्या घरात एक सीरियन बाई राहते. माझ्याच वयाची, लहान मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्या धाकट्या भावाला युद्धात सैनिकांनी तपासणी नाक्यावरून उचलून नेलं, त्याला कित्येक वर्षं झाली. आता तिथलं सरकार पडलंय, तुरुंग उघडलेत आणि खटले उभे करण्यासाठी काही वकील नातेवाइकांचे जबाब गोळा करताहेत. जबाब इंग्रजीत हवा होता. आमच्या दोघींत टायपिंग मला येतं, आणि काम क्रमाने उरकायची सवयही मलाच. म्हणून शुक्रवारी दुपारी, माझा नवरा मेसईदच्या कारखान्यात ड्युटीवर असताना, ती फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली.

फोनमध्ये एका माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. तो भावाच्या शेजारच्या कोठडीत होता, पुढे सुटला. ती एकेक वाक्य ऐकवायची, मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगायची, मी लिहायचे. कुठे, केव्हा, कोणी मारलं. पहारेकऱ्याचं नाव त्या माणसाला पाठ होतं. शेवटचं वाक्य मात्र तिने अर्थ न सांगताच पुन्हा लावलं. त्यातला एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला, खलास. मी लिहून मोकळी झाले: 'त्याला तिथेच ठार केलं.'

वाचून दाखवलं तशी ती ताडकन उभी राहिली.

"हे कोण बोललं?"

"तोच. खलास म्हणाला ना?"

"खलास म्हणजे पुरे! मारणं थांबलं. तू भाजीवाल्याला रोज खलास म्हणतेस, हबीबती. मेला का तो?"

खरं होतं. मुलांना, टॅक्सीवाल्याला मी दिवसभर खलास म्हणत असते. पण जबाब लिहिताना माझा कान मराठी झाला. आमच्याकडे माणूस खलास झाला म्हणजे गेलाच. मी ते वाक्य पुसलं.

"मग काय लिहू? मारणं थांबलं?"

"हो."

"तसं लिहिलं तर पहारेकरी फक्त मारहाणीत अडकेल. खुनात नाही."

ती खाली बसली. "आणि ठार लिहिलं तर? माझी आई अजून त्याची खोली झाडते."

"त्या माणसाला विचार."

"तूच विचार."

"मला कुठे अरबी येतं?"

"खलास येतं ना," ती म्हणाली. हसली नाही.

शेवटी तिनेच त्याला फोनवर आवाजी निरोप पाठवून विचारलं. मी चहा टाकला. तो उकळायच्या आतच उत्तर आलं. या वेळी तिने फोन कानाला घट्ट लावून ऐकलं, मग ओट्यावर पालथा ठेवला.

"घोंगडीत गुंडाळून नेलं. दाराच्या फटीतून त्याला पाय दिसले." लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "लिही."

मी घोंगडी लिहिली, पाय लिहिले आणि त्याखाली मघाचं पुसलेलं वाक्य पुन्हा टाइप केलं. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, ते वाक्य वाचतेय. पण तिचं बोट वर, पहारेकऱ्याच्या नावावर होतं.

"हे अक्षर चुकलंय. असंच गेलं तर भलत्यालाच धरतील, आणि हा सुटेल."

तिने ते नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मी दुरुस्त केलं.

"आता पहिल्यापासून वाच," ती म्हणाली.