पत्रिकेतलं बारीक अक्षर

व्यंकटरावांनी उभी हयात कचेरीत बाबूगिरी केली. ‘नियमानुसार पाहावे’ असा शेरा आला की त्याचा अर्थ ‘कुणीही पाहू नये’, हे त्यांना पहिल्याच वर्षी उमगलं होतं. निवृत्त होऊन ते पालमला घरी बसले, पण ही विद्या काही स्वस्थ बसेना. मग ती लग्नपत्रिकांवर चालू लागली.

आता आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे छापलेली भावकीच. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, खाली पोराटोरांची किलबिल. शेजारीपाजारी पत्रिका आली की आधी व्यंकटरावांकडे आणत. ते वरचा मजकूर सोडून थेट नावांवर उतरत. “वरचं मोठं अक्षर काय, कुणीबी वाचतंय,” असं म्हणत आणि चष्मा पुसत. “धाकला जावई तिसऱ्या ओळीत? दिवाळीचं भांडण मिटलं न्हाई. अन् मामा व्यवस्थापकात टाकलाय, म्हंजी त्याला जेवण वाढायला लावणार.” दहातल्या आठ वेळा खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा नसलेलं भांडण त्यांच्या सांगण्यानं सुरू व्हायचं, म्हणजे तेही खरंच झालं म्हणायचं.

अशा माणसाच्या घरी सख्ख्या पुतणीची पत्रिका आली.

शिवकन्या ही धाकट्या भावाची, बन्सीधरची मुलगी. बन्सीधर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरातच राहायचा, तिथून शाळा लांब. म्हणून पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षं पोरगी पालमला मोठ्या बाबांकडेच होती. व्यंकटरावांना स्वतःचं मूल नव्हतं. ती परत गेली तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाची पत्रिका वाचली नाही.

बन्सीधर आला, देवापुढं पत्रिका ठेवली, अक्षता दिल्या आणि “गाडी थांबलीय, लय गावं हिंडायचीत” म्हणत चहा न घेताच निघाला. व्यंकटरावांनी चहाची नोंद मनात घेतली आणि पत्रिका उचलली.

निमंत्रकांत त्यांचं नाव नव्हतं. स्वागतोत्सुकांत नव्हतं. व्यवस्थापकांतही नव्हतं. शेवटी त्यांनी किलबिलसुद्धा पाहिली. साठी उलटलेल्या माणसाचं नाव तिथं असणार नव्हतं, पण आशा वाईट. उलट निमंत्रकांत पहिलं नाव खुद्द बन्सीधरचं होतं.

“नवरीचा बाप कुटं निमंत्रकात असतोय का?” ते बायकोवर, तानुबाईंवर कडाडले. “ही माझी जागा व्हती. सोताच बसला तिथं!”

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. “आमी काय, परकी माणसं. जमलं तर येऊ.”

“जमवा की, दादा,” बन्सीधर म्हणाला. त्याला सरळ बोलणंच कळायचं, आणि तेवढंच यायचं. “दोन दिस आधीच या. मांडवाचं बगायचंय.”

“बघितलंस?” फोन ठेवून ते तानुबाईंना म्हणाले. “मांडव घालायला बोलवायलाय. मजूर म्हणून!”

चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. नवा सदरा शिंप्याकडेच पडून राहिला. पाचव्या दिवशी हळद कधी आहे ते बघावं म्हणून तानुबाईंनी पत्रिका हातात घेतली. अक्षरओळख त्यांना उतारवयात रात्रीच्या वर्गात झालेली. त्यामुळे त्या पहिल्या ओळीपासून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायच्या.

“चि. सौ. कां. शिवकन्या,” त्यांनी वाचलं. बोट पुढं सरकलं आणि थांबलं. “अवं... श्री. व्यंकटराव व सौ. तानुबाई यांची कन्या.”

“काय?”

“यांची कन्या. आपली नावं हायती. सगळ्यात मोठ्या अक्षरात.”

व्यंकटरावांनी पत्रिका हिसकावून घेतली. तीनदा वाचली. मग फोन लावला.

“बन्सी, बाप तू. अन् वर नाव माझं कामून?”

“आठ वर्सं तुमीच वाढवली की. कन्यादान तुमीच करायचं. पोरगी म्हणली, मी म्हणलं बरं.”

“अन् दुसरं काय?”

“दुसरं काय न्हाई, दादा.”

व्यंकटरावांनी चष्मा काढून ठेवला. भावाच्या बोलण्यात आत शोधावं असं काही नव्हतंच, सगळं वरच ठेवलेलं होतं. तेवढ्यात बन्सीधर जरा अडखळला.

“पण तुमी त्या दिशी असं कामून बोललाव? मला तर काय वाटलं न्हाई. पोरगी मातर चार दिस धड जेवली न्हाई. म्हणायलीय, मोठे बाबा ‘जमलं तर येऊ’ म्हणले म्हंजी येणार न्हाईत. त्यांचं बोलणं मला कळतंय.”

व्यंकटरावांनी पत्रिका परत देवापुढं नेऊन ठेवली.

“तिला सांग,” व्यंकटराव म्हणाले, “मी येतोय. येतोय म्हंजी येतोय. अन् आधी जेव म्हणावं.”