देवमन इंगळ्यांचा तणमोर

मूर्तिजापुरात फोटो काढायचा तर देवमन इंगळ्यांच्याच स्टुडिओत, असं निदान देवमनचं तरी ठाम मत होतं. माणूस कामाला पक्का आणि बढाई मारण्यात त्याहून पक्का. लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या गर्दीतून कुणाचा गेलेला बाप वेगळा काढून मोठा करावा तो देवमननं, आणि पेन्सिलीनं त्याच्या मिशा भरून द्याव्या त्या त्याच्या बायकोनं, ललितानं. यात त्या दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पासष्टच्या श्रावणात देवमननं गावाबाहेरच्या सरकारी कुरणात तणमोर हे दुर्मीळ पाखरू पाहिलं. गवतातून माणसाएवढी उंच उडी घेऊन नाचणारा, काळ्या मानेचा नर. गावानं अर्थातच ही थाप समजली. कुरण शिकारीला खुलं होतं, आणि रविवारी अकोल्याहून बंदूकवाल्यांची जीप यायची होती. देवमननं जंगलखात्याचे रेंजर नत्थुजी यांना गाठलं.

"तणमोर केव्हाचे संपले, बापा," नत्थुजी म्हणाले. "कानामागचे तुरे दिसतीन असा फोटो आणा. त्याच दिवशी शिकार बंद करतो."

कापडवाले किसनराव मोठे हौशी. त्यांनी मुंबईहून आणलेलं दुप्पट करणारं भिंग देवमनच्या हातात ठेवलं. कॅमेरा आणि लांबची लेन्स यांच्या मधे ते बसवलं की पाखरू दुप्पट मोठं. "मागून कापाकापी काहून करता? तिथंच मोठं घ्या ना," किसनराव म्हणाले.

शनिवारी सकाळी देवमन ओल्या गवतात पालथा पडला. भिंगातून पाखरू मोठं दिसलं खरं, पण आभाळ भरून आलेलं, आणि ते भिंग उजेडाचा जेमतेम चौथा हिस्सा आत सोडत होतं. शटर हळू ठेवावं तर उडीचा नुसता फराटा उमटणार. त्यात चौकट इतकी अरुंद, की नर उडाला की त्याचं डोकं बाहेर. दोनदा फसल्यावर देवमननं एक शिवी हासडली, भिंग काढून खिशात घातलं आणि नुसत्या लेन्सनं, शटर वेगात ठेवून, पुढची उडी टिपली. लहान येईल तर येऊ दे, मोठा करायला आपण बसलोच आहोत!

निगेटिव्हवर तणमोर तिळाएवढा आला होता. देवमननं तेवढाच भाग उचलून मोठा केला, तेव्हा कागदावर ज्वारी सांडावी तसे दाणे उठले. पण तुरे दिसत होते.

"अजी, पेन्सिल फिरवू का? दोन तं रेघा," ललिता म्हणाली.

"हात नको लावू. मेलेला माणूस तक्रार करत नाही. हा जिता हाये."

दुपारी नत्थुजींनी फोटो पाहिला, मग भिंतीवरच्या आपल्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं. "आमच्या बाबाले इतक्या मिशा नव्हत्या, देवमनराव. त्या तुमच्या घरी उगवल्या. मंग हे तुरे कुठं उगवले?"

देवमनचं तोंड उतरलं. आपलं कसब असं आपल्याच अंगावर येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं पेन्सिल न लागलेली मूळ निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. नत्थुजींनी टेबलावरचं वाचायचं भिंग लावून बारकाईनं पाहिलं.

"तुरे खरे हायेत. पण कुरण आपलंच कशावरून?"

"कोपऱ्यात पाहा, साहेब."

कोपऱ्यात कुरणाच्या हद्दीचा मुनारा, दगडी खांब, उभा होता. त्यावरचा पांढरा नंबर नत्थुजींच्याच माणसांनी रंगवलेला. देवमनच्या आवाजात पुन्हा दम आला. "दुप्पटवालं भिंग लावलं असतं तं मुनारा गेला असता. मागून कापता येते, साहेब. जोडता येत नाही."

नत्थुजी हसले आणि हुकूम लिहायला बसले. लिहिता लिहिता त्यांनी वाचून दाखवलं, "कुरणात जायले बंदी. बंदूकवाल्याले बी, कॅमेरावाल्याले बी."

"मले बी?"

"हा फोटो पाहून उद्या गाव लोटंल. गवत तुडवलं तं पाखरू राहीन का?"

देवमनला फार वाईट वाटलं. पाऊस सरेपर्यंत रोज ती उडी पाहायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्यानं फोटो नत्थुजींच्या कागदाशेजारी सरकवला.

"लिवा, साहेब. पण बंदीत माझं नाव पयलं लिवा."